तीन महिन्यांचा कोर्स करू का? नाव टाकण्याआधी एवढं तपासा

बारावीचा निकाल लागून आठ दिवस होत नाहीत तोच काटोल, सावनेर, उमरेडच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागतात. ‘९० दिवसांत नोकरी’, ‘राहणं-खाणं फुकट’, ‘१०० टक्के प्लेसमेंट’. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही तेच फिरतं. मग गावात कोणाच्या तरी ओळखीचा माणूस येतो, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो मागतो आणि म्हणतो, आता फक्त नाव टाकून ठेव, बाकी मी पाहतो.

यातले काही कोर्स खरंच चांगले आहेत. पोरं शिकली, कामाला लागली, घरी पैसे पाठवू लागली, अशी उदाहरणं तुमच्याही गावात असतील. काही कोर्स मात्र फक्त हजेरीच्या रजिस्टरवर चालतात. बाहेरून दोन्हीचा फ्लेक्स सारखाच दिसतो. कास्तकाराच्या घरचं एक पोरगं तीन महिने बाहेर गेलं म्हणजे वावरातला एक हात कमी होतो. तो कापूस वेचणीचा किंवा संत्र्याच्या तोडणीचा काळ असेल तर त्या हाताची किंमत मजुरीत मोजता येते. म्हणून सरकारी कोर्स फुकट असला तरी घराला तो फुकट पडत नाही.

कोर्स म्हटलं की नेमकं काय

आपल्याकडे सगळ्यालाच ‘कौशल्य विकासचा कोर्स’ म्हणतात. पण त्यात वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या माणसांसाठी आहेत.

सगळ्यात जास्त ऐकू येते ती प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना. जुलै २०१५ मध्ये सुरू झाली, पुढे तिचा चौथा टप्पाही निघाला. यातले कोर्स तासांवर मोजतात. साधारण दोनशे ते सहाशे तासांचा कोर्स असतो. रोज किती तास वर्ग होतो त्यावर तो दोन महिन्यांत संपेल की पाच महिन्यांत ते ठरतं. शिकणाऱ्याकडून फी घ्यायची नाही, हा या योजनेचा साधा नियम आहे.

दुसरी आहे दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना. सप्टेंबर २०१४ पासूनची. ही खास खेड्यातल्या गरीब घरातल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. बायांना आणि दिव्यांगांना ४५ वर्षांपर्यंत सवलत आहे. आपल्या राज्यात ती ‘उमेद’ अभियानामार्फत चालते. बचत गटात आई असेल, किंवा घरचं कोणी रोजगार हमीवर कामाला गेलं असेल, तर त्या घरच्या पोरांना यात घेतात. बहुतेक ठिकाणी राहण्या-जेवण्याची सोय असते. माझ्या मते कागदावर तरी ही सगळ्यात विचार करून केलेली योजना आहे, कारण यात शिकवणाऱ्या संस्थेचं काम प्रमाणपत्र दिलं की संपत नाही. शंभरातले किमान ७० नोकरीला लावायचे, आणि नोकरी लागली असं म्हणायला पगाराची पावती असलेलं तीन महिन्यांचं काम दाखवायचं, अशी तिची अट ठेवलेली होती. नवीन गावात जम बसेपर्यंत मुलाला महिन्याला एक हजार रुपये मदत, तीही जिल्ह्यातच नोकरी असेल तर दोन महिने, राज्यात असेल तर तीन आणि राज्याबाहेर असेल तर सहा महिने, अशी सोयही नियमात आहे. पोरांना हे माहीत नसतं, म्हणून ती मागत नाहीत.

तिसरं, राज्याची केंद्रं. १९ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते एकाच दिवशी राज्यातल्या ३४ जिल्ह्यांत ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. पुढच्या वर्षी वर्ध्याच्या कार्यक्रमात कॉलेजांमधल्या आचार्य चाणक्य केंद्रांचं झालं. आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला ‘स्टेप’ नावाचा अल्प मुदतीचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात ४०० सरकारी आयटीआय आणि १५० सरकारी तांत्रिक शाळांमध्ये २५०० नव्या बॅच जाहीर झाल्या. त्यातल्या ३६४ फक्त मुलींसाठी आणि ४०८ सौर, इलेक्ट्रिक गाडी, एआय अशा नव्या विषयांच्या. मला यात एक गोष्ट पटते. आयटीआयमध्ये वर्कशॉप आहे, मशीन आहे, शिकवणारा निदेशक पगारी आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या सेंटरपेक्षा तिथे हात काळे होण्याची शक्यता जास्त.

यापेक्षा वेगळी आहे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जिला लोक ‘लाडका भाऊ’ म्हणतात. इथे वर्गात बसवत नाहीत, थेट शाळेत, ग्रामपंचायतीत, सरकारी ऑफिसात किंवा कंपनीत काम करायला लावतात. बारावी पास असेल तर महिन्याला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमा असेल तर ८ हजार, पदवी असेल तर १० हजार विद्यावेतन. २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा मुदत सहा महिने होती, नंतर ती अकरा महिने झाली. मुदत संपली की काम संपलं. कायम करा म्हणून पोरांनी आंदोलनं केली, पण योजनेत तसं वचन मुळातच नव्हतं. ज्याला अनुभवाचं पत्र पाहिजे, त्याने जरूर करावी. हा नोकरीचा पहिला हप्ता आहे असं समजून मात्र करू नये.

आधीच काम येणाऱ्यांसाठी

गवंडी, सुतार, लोहार, शिंपी, न्हावी, कुंभार अशा हातकाम करणाऱ्यांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ पासून आहे. अठरा धंदे तिच्यात येतात. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांचं ई-व्हाउचर आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख असं कर्ज. सात दिवसांत कोणी सुतार होत नाही आणि योजनेचाही तसा दावा नाही. ज्याच्या हातात कला आहे त्याला कागद आणि भांडवल मिळावं एवढाच तिचा हेतू आहे.

असाच आणखी एक प्रकार कौशल्य विकास योजनेत आहे, आधीच्या कामाला मान्यता देण्याचा. काही तासांची ओळख, एक परीक्षा आणि प्रमाणपत्र. दहा वर्षं वेल्डिंग करणाऱ्याला तो उपयोगाचा आहे. नुकत्याच बारावी झालेल्या पोराला मात्र त्यातून काहीच शिकायला मिळत नाही. त्यामुळे कोणी ‘चार दिवसांत सर्टिफिकेट’ म्हणाला की समजून घ्या, तो शिकवणार नाही, फक्त नोंद करणार आहे.

बुटीबोरी-मिहानला काय लागतं

आता मुख्य प्रश्न. आपल्या जिल्ह्यात बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वरच्या एमआयडीसी आहेत, मिहान आहे, कोराडी-खापरखेडा-मौद्याची वीज केंद्रं आहेत, उमरेड-सावनेर-कामठीच्या कोळसा खाणी आहेत. तीन महिन्यांच्या कोर्सवर इथे कोण घेतं?

खरं सांगायचं तर मशीनच्या कामावर क्वचितच. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे आयटीआयचे दोन वर्षांचे ट्रेड आहेत आणि कारखाने पहिल्यांदा तेच विचारतात. मिहानमध्ये दसॉ-रिलायन्सचा कारखाना आहे, जिथे फाल्कन विमानाचे भाग बनतात. जून २०२५ मध्ये फाल्कन २००० हे पूर्ण विमानच नागपुरात बनवण्याची घोषणा झाली. त्यानंतर ‘विमान कंपनीत नोकरीसाठी कोर्स’ अशा जाहिराती दिसल्या तर आश्चर्य वाटायला नको. पण त्या कामाचा खरा रस्ता नागपूरच्या शासकीय आयटीआयमधला विमानाच्या सांगाड्याचा फिटर घडवणारा ट्रेड हा आहे, तो दसॉच्याच सहकार्याने सुरू झाला. तोही दोन वर्षांचा. नव्वद दिवसांत विमानाला रिव्हेट मारायला कोणी उभं करत नाही, आणि करूही नये.

मग अल्प मुदतीचे कोर्स कुठे चालतात? दवाखान्यात रुग्णांची देखभाल करणारे मदतनीस, शिलाई मशीन ऑपरेटर, सौर पॅनेल बसवणारे, सीसीटीव्ही बसवणारे, हॉटेलची सेवा, मॉलमधली विक्री, कॉल सेंटर. यात दवाखान्याचं काम मला आपल्याकडच्या मुलींसाठी बरं वाटतं, कारण नागपूर हे मध्य भारताचं दवाखान्यांचं गाव आहे आणि असे हात तिथे सतत लागतात. पण ते नर्सिंग नव्हे. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्या मुलीचा पगार आणि या मदतनीस मुलीचा पगार यात मोठं अंतर राहतं. सहा महिने काम केल्यावर नर्स होता येईल असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

गोदामातल्या कामाचाही कोर्स निघालाय. वाडी, गोंडखैरीकडे गोदामं वाढली, तिथे माणसं लागतात हे बरोबर. पण माल उचलणे, स्कॅन करणे, पॅक करणे हे काम पोरगं चार दिवसांत शिकतं. त्यासाठी दोन महिने वर्गात बसवणं मला तरी वेळेचा अपव्यय वाटतो. उलट फोर्कलिफ्ट किंवा जेसीबी-पोकलेन चालवायला शिकवत असतील आणि खरंच मशीनवर बसवत असतील तर ते शिकण्यासारखं आहे. यात लायसन्सची गोष्ट आधी पाहा. व्यावसायिक गाडीचं लायसन्स वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही.

वायरमनच्या कोर्सबद्दलही एक खुलासा. सर्टिफिकेट मिळालं म्हणजे घरांची फिटिंग ठेक्याने घेता येते असा समज आहे. त्यासाठी विद्युत निरीक्षकांच्या विभागाचा परवाना लागतो, तो वेगळ्या परीक्षेने किंवा ठरलेल्या शिक्षणाने मिळतो. कोर्स करून आलेलं पोरगं परवानाधारकाच्या हाताखाली काम करू शकतं, स्वतः ठेकेदार होत नाही.

आणि दारूगोळ्याचे कारखाने. काटोल-अमरावती रोडच्या पट्ट्यातल्या गावांतून पोरं-पोरी, जास्त करून पोरी, या कारखान्यांत जातात. तिथे बाहेरचा कोर्स लागत नाही, कारखानाच शिकवून घेतो. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या कारखान्यात स्फोट होऊन ९ कामगार गेले, त्यात ६ बाया होत्या. पुढच्या जूनमध्ये धामण्याच्या दुसऱ्या एका कारखान्यात पुन्हा स्फोट झाला. अशा ठिकाणी लागताना पहिल्या आठवड्यात काय शिकवलं, किती दिवस शिकवलं, कोणत्या भाषेत शिकवलं हे आईबापांनी पोरीला विचारलंच पाहिजे. सुरक्षेचं शिक्षण हे मालकाने स्वतःच्या खर्चाने, कामाच्या वेळेत द्यायचं असतं.

अप्रेंटिस हा विसरलेला रस्ता

अप्रेंटिस म्हटलं की आपल्याकडे रेल्वे आणि वीज मंडळच आठवतं. पण कायदा १९६१ चा आहे आणि तो खाजगी कारखान्यांनाही लागू आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला आपल्या माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार थेट पोराच्या खात्यात टाकतं. आयटीआय झालेल्यालाच नाही, दहावी-बारावी झालेल्यालाही काही कामांत घेतात आणि अल्प मुदतीचा सरकारी कोर्स केलेलाही पात्र ठरतो.

कंपनीने नंतर कायम केलंच पाहिजे असं बंधन नाही, आणि अप्रेंटिस असताना पीएफही कापत नाहीत. तरी मशीन चालू असलेल्या जागी वर्षभर उभं राहणं हे वर्गातल्या तीन महिन्यांपेक्षा मोठं शिक्षण आहे. कोर्स आणि त्याला जोडून अप्रेंटिसशिप असं कोणी देत असेल तर ते आधी पाहा.

गावातच राहायचं असेल तर

सगळ्यांना बुटीबोरीला जायचं नसतं. घरी पाच एकर आहे, म्हातारी माणसं आहेत, ढोरं आहेत, त्या पोराने काय करायचं? त्याच्यासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, जिला आरसेटी म्हणतात. याची मूळ कल्पना कर्नाटकातल्या उजिरे गावची, १९८२ ची. धर्मस्थळ आणि दोन बँकांनी मिळून पहिली संस्था काढली, ती इतकी चालली की पुढे केंद्राने प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेला अशी संस्था काढायला लावली. नागपूर जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे, तिच्या कोणत्याही शाखेत विचारलं तर पत्ता मिळतो.

इथले कोर्स लहान आहेत. दुग्धव्यवसाय किंवा आळिंबी दहा दिवस, सीसीटीव्ही दोन आठवड्यांच्या आत, शिलाई, मोबाईल दुरुस्ती, दुचाकी दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग हे साधारण महिनाभराचे. राहणं-जेवण फुकट. वयाची अट सैल आहे, पस्तिशी ओलांडलेला माणूसही बसतो. नोकरी लावून देऊ असं ते म्हणतच नाहीत, हे मला आवडतं. धंदा कसा करायचा, हिशेब कसा ठेवायचा, बँकेत कर्जाचा अर्ज कसा द्यायचा, हेही शिकवतात आणि दोन वर्षं माणसाची विचारपूस करायची, असा त्यांचा नियम आहे.

यातलं मोटार रिवाइंडिंग घ्या. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात बोअर किती खोल गेलेत ते सांगायला नको. उन्हाळ्यात आंबिया बहाराची झाडं पाण्यावर असतात आणि नेमकी तेव्हाच मोटार जळते. कधी एक फेज जातो, कधी व्होल्टेज पडतं, कधी बोअरमधलं पाणी खाली जाऊन मोटार कोरडी चालते. मोटार काढायला चेनपुलीवाला, मग ती तालुक्याला न्यायची, तिथे दुकानात आधीच वीस मोटारी रांगेत. चार दिवस गेले की फळ गळायला लागतं. ज्या गावात मोटार बांधणारा पोरगा आहे त्या गावाला त्याची किंमत कळते. तांब्याच्या तारेचा गेज ओळखणे, जुन्या कॉइलचे आटे मोजून तेवढेच टाकणे, इन्सुलेशनचा कागद नीट बसवणे, वॉर्निश पाजून सुकवणे, हे काम महिनाभरात डोक्यात येतं, हातात बसायला वर्षभर लागतं. म्हणून आरसेटीत शिकून लगेच दुकान टाकू नये. सहा महिने कोणाच्या तरी दुकानात बसावं, कमी पैशात का होईना. दुसऱ्याची मोटार जाळली तर गावात नाव खराब होतं, आणि ते नाव परत मिळवायला लई वेळ लागतो.

सौर पंपाचंही असंच आहे, पण थोडा फरक आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत कास्तकाराने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या कास्तकाराने ५ टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादार कंपनीकडे. म्हणजे पाच वर्षं तरी गावातल्या मिस्त्रीला या पंपाचं काम सुटं मिळणार नाही. ते काम कंपनीच्या माणसाचं आहे. पण त्या कंपन्यांना तालुक्यातालुक्यात माणसं पाहिजेत. पॅनेल बसवणं, कंट्रोलरवरचा एरर वाचणं ज्याला येतं त्याने कंपनीच्या ठेकेदाराकडे जावं. घरांच्या छतावरच्या सोलरमध्ये आपला नागपूर जिल्हा राज्यात पुढे आहे, तिथेही हेच हात लागतात. ‘सूर्यमित्र’ नावाचा सहाशे तासांचा कोर्स यासाठीच निघाला होता. त्यात आयटीआय इलेक्ट्रिशियनला आधी घेतात, आणि ते बरोबरच आहे. पॅनेलचं डीसी करंट साधं वाटतं पण माणूस मारतं.

धंद्यासाठी पैसा लागला तर मुद्रा कर्ज आहे. पन्नास हजारांपर्यंत ‘शिशु’, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ‘किशोर’. आरसेटीचं प्रमाणपत्र जोडलं तर मॅनेजरशी बोलणं सोपं जातं, पण आधीचं पीककर्ज थकलेलं असेल तर अडचण येते, हे लक्षात ठेवा.

ड्रोनची हवा

सध्या सगळ्यात जास्त विचारतात ते ड्रोनबद्दल. कपाशीवर आणि संत्र्यावर ड्रोनने फवारणी करायची, एकराचे पैसे घ्यायचे. काम खरं आहे. पण इथे कोणत्याही संस्थेचं सर्टिफिकेट चालत नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं आणि ते डीजीसीएने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतूनच मिळतं. वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास. २५ किलोच्या आतल्या ड्रोनसाठी साधारण पाच दिवसांचं शिक्षण. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. आधी पासपोर्ट मागायचे, २०२३ पासून मतदान कार्डासारखा दुसरा सरकारी पुरावाही चालतो. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे, तिच्यात नाव नसेल तर पैसे भरू नका.

बचत गटातल्या बायांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ आहे. पंधरा दिवसांचं शिक्षण, त्यातले पाच दिवस उडवण्याचे आणि दहा दिवस फवारणीचे, आणि गटाला ड्रोनच्या किमतीवर ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांचं अनुदान. देशभरात १५ हजार गट घ्यायचे ठरले. गटात कोणी तयार असेल तर उमेदच्या ताईंना विचारा. एकट्याने स्वतःच्या पैशाने ड्रोन घ्यायचा असेल तर आधी हिशेब करा: फवारणीचा हंगाम काही महिन्यांचाच आहे, बॅटऱ्या महाग आहेत आणि ढगाळ-वाऱ्याच्या दिवसांत ड्रोन घरीच राहतो.

कॅगला काय दिसलं

‘सरकारी आहे म्हणजे बरोबरच असेल’ असं मानणाऱ्यांनी कॅगचा अहवाल लक्षात घ्यावा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांच्या तपासणीचा हा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. तपासलेल्या ९५ लाखांहून जास्त नोंदींपैकी ९४ टक्क्यांहून जास्त ठिकाणी बँक खात्याचा रकाना कोरा होता, किंवा तिथे शून्यं नाहीतर निरर्थक शब्द होते. एकच फोटो अनेकांच्या नावापुढे आढळला. काही केंद्रं तपासायला गेले तेव्हा बंद होती. अल्प मुदतीचं शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या साधारण ५६ लाखांपैकी २३ लाखांच्या आसपास नोकरीला लागल्याचं नोंदलं गेलं, म्हणजे शंभरातले एक्केचाळीस.

म्हणून ‘फक्त नाव टाकून ठेव’ म्हणणाऱ्याला आधार देऊ नका. तुमच्या नावावर एक कोर्स झाल्याची नोंद पडली तर पुढे खरोखर शिकायची वेळ आली तेव्हा अडचण होऊ शकते. मूळ टीसी आणि मूळ जातीचा दाखला कोणाकडेही ठेवायला द्यायचा नाही, दाखवून परत घ्यायचा. फुकट योजनेत ‘रजिस्ट्रेशन’, ‘युनिफॉर्म’, ‘हॉस्टेल डिपॉझिट’ म्हणून कोणी पैसे मागितले तर पावती मागा. बहुतेक वेळा पावतीवरच गोष्ट अडते.

केंद्रात जाऊन पाहायचं ते असं. वर्ग चालू असताना जा, न सांगता. मशीन किती आहेत आणि त्या चालतात का. शिकवणारा कोण आणि तो रोज येतो का. कोर्सला एनसीव्हीईटीची मान्यता आणि एनएसक्यूएफचा स्तर लिहिलाय का. तो कोर्स ‘स्किल इंडिया डिजिटल हब’वर दिसतो का, कारण प्रमाणपत्रही शेवटी तिथेच दिसायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या बॅचच्या पाच पोरांचे फोन नंबर मागा. कंपनीच्या नावांची यादी कोणीही दाखवतो, पोरांचे नंबर सगळे देत नाहीत. दिले तर फोन लावून एवढंच विचारा: अजून तिथेच आहेस का?

पगाराचा हिशेब घरीच मांडा

‘चौदा हजार पगार’ असं सांगतात तेव्हा हातात किती येतात? उदाहरण म्हणून पूर्ण रकमेवर कपात धरू. पीएफ १२ टक्के म्हणजे १६८०. ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १०५. व्यवसाय कर २०० (पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायांना तो माफ आहे). हातात राहिले १२ हजार १५. पुण्याला खोलीत चौघं राहून २५०० भाडं आणि मेसचे ३५०० धरले तर उरले ६ हजार १५. त्यातून रिचार्ज, जाणं-येणं, दिवाळीला घरी यायचं तिकीट. हेच काम बुटीबोरीत बारा हजारांत मिळालं आणि पोरगं कंपनीच्या बसने घरून जाऊ शकलं तर जास्त वाचतं. अर्थात पीएफ-ईएसआय कापतात ही तक्रारीची गोष्ट नाही. ईएसआयमुळे घरच्यांनाही दवाखाना मिळतो. कापतच नसतील तर काळजी करा.

नोकरीचं पत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे तेही पाहा. कंपनीच्या गेटवर काम आणि पगार ठेकेदाराचा, असं बहुतेक ठिकाणी आहे. ठेकेदार बदलला की पोरगं बाहेर. हे जॉइन होण्याआधी विचारलं तर कोणी रागावत नाही, आणि रागावलं तर तेही कळलेलं बरं.

जायचं कुठे

तालुक्याला पंचायत समितीत उमेदचा तालुका कक्ष आहे, ग्रामीण कौशल्य योजना आणि आरसेटीच्या बॅचची माहिती तिथे मिळते. प्रत्येक तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये ‘स्टेप’च्या बॅच आणि अप्रेंटिसबद्दल विचारा. फी आहे का, किती आहे, हे लेखी पाहा. नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या प्रशासकीय इमारतीत जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. जुनी माणसं त्याला एम्प्लॉयमेंट ऑफिस म्हणतात. महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवलं की रोजगार मेळाव्यांचे निरोप येतात. ओबीसी, भटक्या-विमुक्त घरच्या पोरांसाठी महाज्योतीचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे, तिचे वेगळे प्रशिक्षण कार्यक्रम निघत असतात.

ज्याची दहावी झाली आहे आणि घर दोन वर्षं थांबू शकतं, त्याने आयटीआयचा फॉर्म आधी भरावा. दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन प्रवेश सुरू होतात आणि फेऱ्या लवकर संपतात. वेल्डरसारखा ट्रेड एका वर्षाचा आहे आणि त्याला आठवी पासही चालतो. फॉर्म भरताना ट्रेडची पसंती भरायला सेतूवाल्यावर सोडू नका, पोराने स्वतः समोर बसून भरावी, कारण पहिल्या पसंतीचा नंबर लागला आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं.

बाकीच्यांनी बॅच कधी सुरू होते आणि कधी संपते त्या तारखा आधी विचारून घ्याव्यात. जूनची पेरणी आणि दिवाळीनंतरची वेचणी सोडून जानेवारी ते मे या काळातली बॅच मिळाली तर कास्तकाराच्या घराला ती सोयीची पडते.